आंब्याची नवरी

1833 च्या उन्हाळ्यात जबलपूरच्या बरजोर सिंहाच्या बागेतलं एक आंब्याचं झाड पहिल्यांदा फळलं आणि घरात पंचाईत उभी राहिली. मुलांना तो आंबा भलताच आवडला. म्हाताऱ्या बरजोर सिंहाने आणि त्याच्या बायकोने मात्र एक फोडही जिभेवर ठेवली नाही. ठेवता येत नव्हती. बाग लावणाऱ्या जोडप्याने बागेतल्या एका आंब्याचं लग्न लावल्याशिवाय तिथलं फळ चाखायचं नाही, असा त्या मुलखाचा रिवाज होता. आणि लग्न राहून गेलं होतं.

राहून जाण्याचं कारण पैसा. बागेला पक्की भिंत, पक्क्या बांधणीच्या विहिरी, रोपांना पाणी, यातच सगळी पुंजी संपलेली. बाकीची झाडं अजून लहान होती, म्हणून लग्नाला अवकाश आहे असं धरून दोघं निवांत बसले असावेत. पण त्यातलं एक झाड लावतानाच इतरांपेक्षा मोठं होतं आणि त्याने घात केला. आता आंबे डोळ्यांपुढे लटकत होते आणि आपण मोठं कर्तव्य चुकलो, पुढचा हंगाम बघायला आपण असू की नसू, अशी धास्ती दोघांच्या मनाने घेतली. शेवटी घरातलं सोनं-रुपं विकलं, मिळेल तिथून कर्ज उचललं आणि पुढच्या हंगामाआधी आंब्याचं लग्न वाजतगाजत लावून टाकलं. 1834 च्या जूनमध्ये नवराबायकोने आपल्या बागेतला पहिला आंबा खाल्ला.

ही हकिकत टिकली ती विल्यम हेन्री स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. त्या मोहिमेचं ठाणं जबलपुरात होतं आणि त्याआधी 1828 मध्ये जिल्ह्याचा मुलकी कारभारही त्याच्याकडे होता. 1835 च्या नोव्हेंबरात प्रकृतीच्या कारणाने तो जबलपुराहून हिमालयाकडे निघाला. वाटेत जे दिसलं, जे कानावर आलं ते बहिणीला पत्रांतून लिहावं तसं लिहीत गेला आणि 1844 मध्ये लंडनमध्ये त्याचे दोन खंड छापून निघाले. ठगांचा कर्दनकाळ म्हणून गाजलेला हा माणूस झाडांच्या बाबतीत चांगलाच हळवा होता. जबलपूर सोडण्यापूर्वी, आता इकडे परत येणं व्हायचं नाही असं वाटून, तो मुद्दाम गावाभोवतीच्या आमराया बघत फिरला.

त्या आमरायांत त्याचाही हात होता. तो जिल्ह्यावर असताना गावातल्या काही प्रतिष्ठितांना बागांसाठी बिनसाऱ्याची जमीन देण्यात आली होती. अटी दोन. एकरी पंचवीस झाडं लावायची आणि ती संख्या कायम राखायची. म्हणजे साधारण चाळीस फुटांवर एक झाड. दुसरी अट, बाग कितीही लहान असो, तिथे एक पक्की विहीर बांधायची आणि ती दुरुस्त ठेवायची. झाडांना पाणी मिळावं आणि वाटसरूंचीही सोय व्हावी म्हणून. करारात लग्नाचं कलम नव्हतं. पण स्लीमन पाहायला गेला तेव्हा सगळ्याच बागांची लग्नं लागलेली होती. सरकारचा सारा माफ झाला तरी रिवाजाचा खर्च कुणी माफ करत नाही.

छावणी आणि गाव यांच्या मधोमध बरजोर सिंहाची बाग होती. किती ब्राह्मण जेवले, असं स्लीमनने विचारलं, कारण पंगत जेवढी मोठी तेवढी मालकाची शोभा. म्हाताऱ्याने सुस्कारा टाकून दीडशेचा आकडा सांगितला. त्याला तो थोडा वाटत होता! मग त्याने नवरदेव झालेला आंबा दाखवला. नवरी कुठे दिसेना.

आंब्याची नवरी म्हणजे एरवी चिंच. तीही त्याच बागेतली, जवळपास वाढलेली. पण या बागेतली एकुलती एक चिंच लग्नाआधीच वाळून गेली होती. मुहूर्त तर टाळता येत नव्हता, तेव्हा बरजोर सिंहाने चमेलीचं रोप आणलं आणि आंब्याच्या बुंध्यापाशी लावलं, म्हणजे विधीला नवरा-नवरी एकाच मांडवाखाली येतील. लग्न झालं, पंगती उठल्या, मांडव सुटला. माळ्याने पुढे तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि चमेली झुरून मेली.

स्लीमनला हे पुरेसं वाटलं नाही. चमेलीच का? म्हाताऱ्याचं म्हणणं असं की गुलाब सोडला तर झाडांमध्ये तिच्याएवढी नामांकित दुसरी कुणी नाही. मग गुलाबच का नाही केला? यावर त्याने जे सांगितलं ते जगातल्या कोणत्याही सोयरिकीच्या बैठकीत चालून जाईल: गुलाब आणि आंबा यांचं लग्न झाल्याचं कुणी कधी ऐकलेलं नाही, आणि आंब्या-चमेलीची लग्नं तर रोजची.

ही चमेली म्हणजे मोगऱ्याच्या कुळातलं, लांब लवचिक फांद्यांचं झुडूप. कोकणात-देशावर जिला बरेच जण जाई म्हणतात ती हीच. एका देठावर समोरासमोर बसलेली सात-नऊ पानं, टोकाचं पान जरा मोठं. कळी बाहेरून गुलाबी छटेची. उमलली की आतून पांढरीशुभ्र, पाच पाकळ्यांची. उमलण्याची वेळ संध्याकाळची, कारण तिची गिऱ्हाइकं रात्री उडणारे पतंग. अंधारात पांढरा रंग दिसतो आणि वास तर आधीच पोचलेला असतो. नळीसारख्या देठाच्या तळाशी असलेला मध लांब सोंडेच्या पतंगालाच गाठता येतो. उत्तर हिंदुस्थानात जौनपूर, गाझीपूर, कन्नौजकडे या फुलाचा मोठा व्यापार चालत आला. तिळाचा एक थर, फुलांचा एक थर असं रचून ठेवायचं, वास उतरलेली फुलं काढून ताजी घालायची, आणि तिळाने पुरेसा गंध शोषला की घाण्यावर त्याचं तेल काढायचं. तेच चमेलीचं तेल. ते केसांना लागतं आणि शेंदरात कालवून मारुतीलाही. तेव्हा बरजोर सिंहाने निवडलेली नवरी काही आलतूफालतू घरची नव्हती.

पण तिला दिलेली जागा मात्र वाईट होती. आंबा बारमाही हिरवा, दाट छत्रीचा. त्याच्या बुंध्याशी ऊन पोचतच नाही, आणि चमेलीला फुलायला भरपूर ऊन लागतं. शिवाय मातीच्या वरच्या थरातलं पाणी आंब्याची मुळं आधी ओढून घेतात. जबलपूरचा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो आणि मेमध्ये पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. अशा ठिकाणी सावलीत कोंडलेल्या कोवळ्या रोपाला वर्षभर हाताने पाणी घातलं तरच ते जगणार. लग्नापुरतं आणलेल्या झुडपासाठी ते कोण करतो? माळी दोषी खरा, पण त्याला पगार आंब्यासाठी होता.

आता लहान मुलं इथे हटकून विचारतात की झाडाचं लग्न लावतात म्हणजे नेमकं करतात काय. त्याचं उत्तर स्लीमनच्याही फार आधी लिहून ठेवलेलं सापडतं. मत्स्यपुराणात अठ्ठावन्नावा अध्याय तळ्याच्या प्रतिष्ठेचा आणि एकोणसाठावा झाडांच्या. झाडांना औषधी घातलेल्या पाण्याने न्हाऊ घालायचं, माळा घालायच्या, वस्त्रं गुंडाळायची. मग सोन्याच्या सुईने त्यांचे कान टोचायचे. काजळही घालायचं, तेही सोन्याच्या काडीने. फांद्यांवर सोन्याची सात-आठ फळं ठेवायची. बाळाचे जे लाड होतात ते एकेक करून झाडाचे. सोन्याच्या सुईने पानाला भोक पाडणारा पुरोहित डोळ्यांपुढे आणला की हसू येतं, पण एवढी बारीक कलमं लिहिणाऱ्याने झाडाकडे नीट पाहिलेलं होतं हेही कळतं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात विहिरी, तळी, बागा यांच्या या विधींना स्वतंत्र जागा दिली आहे. या विधींचा गाभा उत्सर्ग हा आहे, म्हणजे बांधणाऱ्याने आपलं ते सगळ्यांसाठी सोडून देणं. तळं बांधलं, पाणी भरलं, तरी उत्सर्गाआधी ते एका माणसाचं. नंतर ते गाईगुरांचं, पाखरांचं, वाटसरूंचं.

जबलपूरकडे लोकांनी या उत्सर्गाला सरळ लग्नाचं रूप दिलं. आंब्याला चिंच किंवा चमेली, तर तळ्याला केळ. तळ्याकाठी केळ लावायची, दोघांचं लग्न करायचं, आणि मगच बांधणाऱ्याने पाण्याला तोंड लावायचं.

हा मुलूखच तळ्यांचा. जबलपूर हे तसं नंतरचं शहर. जुनी राजधानी त्याच्या शेजारची गढा, आता शहराच्या पोटात गेलेली. ग्रॅनाइटच्या गोल गोल धोंड्यांची टेकडी, तिच्यावर एका शिळेवर उभा मदनमहाल, आणि खाली सखल जमिनीत अडवलेलं पाणी. गढ्याच्या गोंड राजांनी पावसाचं पाणी खडकाच्या उतारावरून धावून जाण्याआधी बांध घालून धरलं. बावन्न गढांचा धनी म्हणवल्या जाणाऱ्या संग्रामशाहाचं नाव संग्रामसागराला आहे. त्याच्या काठी बाजनामठाचा भैरव. संग्रामशाहाची सून राणी दुर्गावती, जी अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना 24 जून 1564 रोजी पडली. तिने राणीताल बांधलं, तिच्या दासीने चेरीताल आणि दिवाण आधार कायस्थाने आधारताल, असं तिकडे सांगतात. मालकीण, दासी आणि दिवाण, तिघांच्या नावाचं एकेक तळं, हा हिशेब पोरासोरांना पाठ असतो. राणीतालच्या जागी आज क्रीडासंकुल आहे. आधारताल हे रेल्वे स्टेशनचंही नाव झालं.

मराठी माणसाचं या गावाशी नातं लढाईतून जुळलं. 1742 मध्ये नानासाहेब पेशवे मंडल्यावर चालून गेले, गोंड राजा महाराजशाह मारला गेला आणि राज्यावर चार लाखांची चौथाई बसली. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं उरलंसुरलं राज्य संपवलं. 1798 मध्ये पेशव्यांनी हा प्रदेश नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांना दिला आणि 1817 च्या डिसेंबरात तो इंग्रजांनी घेतला. उण्यापुऱ्या छत्तीस वर्षांचा हा अंमल. गढा-मंडल्यात मराठ्यांबद्दल फार गोड आठवणी नाहीत, हे आपल्याकडे कुणी सहसा लिहीत नाही. तरी कारभारी, कारकून, भिक्षुक यांची घरं मागे राहिली. स्लीमनच्या त्याच प्रवासात धामोनीच्या पुढे त्याला गाठायला रामचंद्रराव आले, पेशव्यांच्या वेळचे देवरीचे संस्थानिक. लोक त्यांना ‘सरीमंत’ म्हणत. राज्य जाऊन वर्षाला काही हजारांची इनाम जमीन हाती उरलेली, पण साहेब आपल्या मुलखातून जातोय म्हटल्यावर भेटीला जायची रीत त्यांनी सोडली नव्हती.

आणि आमराईची माया तर आपल्याकडेही कमी नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कुठून आणावं याच्या सूचना आहेत. तिथे आंबा आणि फणस यांना हात लावू नये असं स्पष्ट बजावलं आहे, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड हवं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं. बरजोर सिंहाच्या गावापासून शेकडो कोसांवरच्या माणसाने लिहिलेलं हे कलम त्याला पटलं असतं.

मग प्रश्न उरतो तो हा, की लावणाऱ्यानेच फळ खायचं नाही ही उलटी अट का? पुण्य वगैरे ठीक आहे. पण या अटीत एक व्यवहारी शहाणपण दिसतं. कलमांच्या आधीच्या दिवसांत आंबा कोयीपासून वाढायचा. फळ धरायला सहा-आठ वर्षं सहज जायची. त्या वर्षांत उन्हाळ्याला पाणी, हिवाळ्याला दहिवर, बारा महिने गुरं. पहिला मोहोर दिसेपर्यंत बागवाल्याचा धीर सुटायची भीती. पुढे लग्न करायचं आहे, दीडशे पानं उठवायची आहेत, आणि तोवर आपल्याच बागेत आपण उपरे आहोत, ही टोचणी माणसाला बागेशी बांधून ठेवत असणार. शिवाय लग्नाला गाव जेवलं म्हणजे बाग कुणी लावली, कुणाच्या कष्टाची, याला दीडशे साक्षीदार झाले. जिथे जमिनीचा धनी छत्तीस वर्षांत तीनदा बदलला, तिथे अशी साक्ष कागदापेक्षा पक्की. स्लीमनला हे जाणवलं होतं. हिंदू लोकांत सार्वजनिक कामाची आस्था नाही म्हणणाऱ्या आपल्या देशबांधवांना उत्तर द्यायला त्याने पुस्तकात एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आणि एकट्या जबलपूर जिल्ह्यात लोकांनी स्वखर्चाने बांधलेल्या तळ्यांची संख्या दोन हजारांच्या वर असल्याचं मांडलं.

आंब्याच्या लग्नात खर्च होतो तो आंब्यासाठी. नवरी झुडूप असलं की तिची बडदास्त मांडवापुरती. पण त्याच प्रवासात पुढे स्लीमनला बुंदेलखंडातल्या लुधौऱ्याचा याच्या अगदी उलटा थाट सांगण्यात आला. तिथलं झुडूप तुळस होतं. ओर्च्छाचा राजा दरवर्षी शालिग्राम आणि तुळस यांचं लग्न लावी आणि त्यावर वर्षाला तीन लाख रुपये उडवी. राज्याच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा. मागच्या खेपेला वरातीत आठ हत्ती, बाराशे उंट आणि चार हजार घोडे होते, सगळे झूल घातलेले, सगळ्यांवर स्वार. पुढच्या हत्तीवर नवरदेव, म्हणजे मुठीत मावेल एवढा काळा गुळगुळीत दगड. लाखावर माणसं राजाच्या खर्चाने जेवली. आणि हे सगळं गुडघ्याएवढ्या रोपाकडे निघालेलं. तुळशीची फुलं पाहायची तर मंजिरी डोळ्यांजवळ धरावी लागते: देठाभोवती मजल्यामजल्याने बसलेली इवली जांभळट फुलं, प्रत्येकाला वरचा एक आणि खालचा एक ओठ. एवढ्याशा फुलावर कोणत्याही झुडपाला मिळाला नाही असा मान तिला मिळाला. तिचं रोप मेलं तर दुसरं लावतात आणि कुंडीतलं वृंदावन रिकामं राहत नाही. चमेलीला ही सवलत नव्हती.

तिसरी नवरी मात्र पक्की मराठी मुलखातली, आणि तिच्या वाट्याला सगळ्यांत विचित्र संसार आला. ती रुई. कुणी न लावता, कुणी पाणी न घालता रस्त्याच्या कडेला वाढणारी. जाड राखाडी पानं, मोडलं की पांढरा चीक, फुलं जांभळट, मेणाची केल्यासारखी, मधोमध पाच कोनांचा मुकुट. शनिवारी मारुतीच्या गळ्यात जी माळ असते ती हिच्या पानांची, रथसप्तमीला स्नानाच्या वेळी डोक्यावर ठेवतात तीही हिचीच पानं. केशरी पंखांच्या रुईकर फुलपाखराच्या अळ्या हिच्याच पानांवर वाढतात. तो विषारी चीक त्यांना बाधत नाही, उलट त्यामुळे पाखरं त्यांना खात नाहीत. क्वचित एखादं झुडूप पूर्ण पांढऱ्या फुलांचं निघतं. त्या पांढऱ्या रुईला मांदार म्हणून मान. तिच्या मुळात गणपती असतो म्हणून लोक ती शोधत फिरतात, आणि मुळासाठी उपटून उपटून ती आणखीच दुर्मीळ करून ठेवतात.

तर या रुईशी पुरुषांची लग्नं लागत. दोन बायका गेल्या आणि तिसरी करायची तर ती लाभत नाही अशी समजूत. मग तिसरी म्हणून रुईशी लग्न लावायचं, म्हणजे येणारी बाई चौथी ठरते. धर्मशास्त्रात याला अर्कविवाह म्हणतात आणि काण्यांनी त्याचीही नोंद घेतली आहे. हिशेबाची अशी गंमत दुसरीकडे क्वचितच सापडेल. नागपूर, वर्धा, चांदा या मराठी जिल्ह्यांत आणखी एक प्रकार होता. विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागे, पण त्यात पूर्ण लग्नविधी नसे. वर जर अविवाहित असेल तर त्याचं खरं लग्न राहून जाऊ नये म्हणून आधी ते रुईशी लावत, मग पाट. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या चार खंडांत मध्य प्रांतातल्या कितीतरी जातींच्या माहितीत हे वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतं. हे हिरालाल कटनी-मुरवाड्याचे, म्हणजे जबलपूरचे शेजारीच. काही जातींत रुईऐवजी अंगठीशी लग्न लावत, आणि पुढे ती अंगठी हरवली तर बायको गेल्यासारखं तिचं क्रियाकर्म करत. रुईचं सुतक कुणी पाळत नसे बहुधा. तोडली तरी ती पावसाळ्यात पुन्हा फुटते.

पाहा ना, या सगळ्या लग्नांत झुडूप दुसऱ्या कुणाची तरी जागा भरायला उभं असतं. चिंच मेली म्हणून चमेली. तिसरी बाई टाळायची म्हणून रुई. एकट्या तुळशीला तिच्या स्वतःच्या नावाने बोहल्यावर उभं राहता आलं. आमरायांच्या मोजण्या झाल्या, तळ्यांची यादी झाली, गोंड राजांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या. बदली नवरी म्हणून आलेल्या झुडपाची नोंद ठेवायचं कुणाला कारण नव्हतं, आणि म्हणूनच स्लीमनने विचारलेले ते दोन-तीन भोचक प्रश्न मोलाचे.

त्या प्रश्नांमुळे बरजोर सिंहाची मेलेली चमेली केंब्रिजला पोचली. जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ या आपल्या ग्रंथात जगभरातले झाडांच्या लग्नाचे दाखले गोळा केले, तेव्हा स्लीमनच्या पुस्तकातून आंबा-चिंचेची चाल त्यांनी उचलली आणि चिंच नसेल तर चमेली चालते, एवढंही नमूद केलं. म्हाताऱ्याचं नाव, त्याचं कर्ज आणि माळ्याचा हलगर्जीपणा गळून गेला. एका बागेतली तडजोड नियम होऊन बसली. लुधौऱ्याची वरातही त्याच पानांत आहे. शेकडो विद्यार्थ्यांनी ती वाचली असेल, पण जबलपूर नकाशावर शोधायची तसदी किती जणांनी घेतली असेल कोण जाणे.

जबलपूरच्या आंब्याची बातमी पुन्हा देशभर झाली ती 2021 च्या जूनमध्ये. तिथल्या एका बागेत जपानी मियाझाकी जातीची दोन लाल आंब्यांची झाडं फळली आणि चोरांच्या भीतीने मालकाने चार राखणदार आणि सहा कुत्रे नेमले. लग्नाबिग्नाचा विषय कुणी काढला नाही.

झुडपाचं लग्न मात्र शहरात अजून दरवर्षी लागतं. कार्तिकी एकादशीला जबलपूरकर देवउठनी ग्यारस म्हणतात. त्या दिवशी बाजारात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या उभ्या असतात, कारण तुळशीचा मांडव उसाचाच. शेजारच्या मराठी घरांत बारशीला मुहूर्त. अंतरपाट धरायला दोन मुलं, मंगलाष्टकं म्हणायला आजी किंवा फोन, कुंडीत खोचलेल्या चिंचा, आवळे, बोरं. इथेही चिंच आहेच, फक्त करवलीच्या भूमिकेत. आणि उसाचं म्हणाल तर जाड, रसाळ ताहिती ऊस मॉरिशसहून आणून जबलपुरात पहिल्यांदा लावणारा माणूस स्लीमनच, 1827 च्या सुमारास. पुढे त्याची सासुरवाडीही तिकडचीच झाली. त्या जातीची जागा पुढे कोईमतूरच्या नव्या जातींनी घेतली. लग्न लागल्यावर मांडवाचा ऊस कुणी किती तोडायचा यावरून पोरांची भांडणं होतात. मोठी माणसं आधी सोलायला विळी मागतात आणि मग तुकडे मोजून वाटतात.